लाल डब्यांच्या आत

माझं माहेर भूमचं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायचा आणि पाइपखाली घागर लावण्यावरून दोन बायकांचं भांडण झालं नाही, असा दिवस जायचा नाही. म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा आईने शेजारणींना पहिली बातमी दिली ती ही, की पोरीच्या सासरी दारात पाणी आहे. मुलगा काय करतो, जमीन किती, हे सगळं तिने नंतर सांगितलं.

परंडा तालुक्यात सीना नदीवर धरण आहे. त्याच्या फुगवट्याच्या काठावर माझं सासर. पाऊसमान चांगलं असलं की पाणी गावातल्या मारुतीच्या पायऱ्यांना लागतं. धरण झालं तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांची जमीन पलीकडच्या काठावर राहिली. आमचीही राहिली. रस्त्याने तिकडे जायचं तर मोठा वळसा. एसटी फाट्यावर सोडते, पुढे उन्हातून चालायचं. पाण्यातून मात्र समोरच. त्यामुळे आमच्या गावात होडी म्हणजे बैलगाडीसारखी. कुणाची पत्र्याची, कुणाची लाकडी. ज्याला तेवढंही जमत नाही तो थर्माकोलचे तुकडे जाळीत बांधतो आणि त्याला चप्पू म्हणतो. बायका खुरपी आणि भाकरीचं गाठोडं मांडीवर घेऊन त्यावर बसून रानात जायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काठावरच थांबले होते.

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, इथेही घेत नाही. 'हे' म्हणूनच सांगते. हे उभ्याने होडी वल्हवायचे. मी दोन्ही हातांनी काठ धरून बसायची आणि यांना त्याचं हसू यायचं. "भूमची माणसं," म्हणायचे, "पाणी बघितलं की पाया पडत्यात, न्हायतर भित्यात."

यांचा एक मित्र होता. दोघं एका वयाचे, एकाच घाटावर पोहायला शिकलेले. आमच्या लग्नात वरातीपुढे ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता आणि पुढे दोन दिवस तो खुणांनी बोलत होता. आधी तो दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. मग कुणी बाहेरगावच्या माणसाने धरणाच्या काठावर हॉटेल काढलं. सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला येणारी माणसं परतताना तिथे जेवायला थांबू लागली आणि जेवण झालं की मोटारबोटीत बसून फेरी मारू लागली. त्या बोटीवर यांच्या मित्राला चालकाचं काम मिळालं. नारिंगी जाकीट, काळा चष्मा. आपला माणूस एवढी झकास बोट पळवतो याचं गावाला कौतुक होतं. यांना तर फारच.

आमची होडी दिसली की तो मुद्दाम बोट वळवायचा. एकदम जवळून जायचा, एक हात वर करायचा, यांना एखादी शिवी हासडायचा. हेही हात वर करून तशीच परत करायचे. मग त्याच्या बोटीची लाट यायची आणि आमची होडी उडायची. "वहिनी भ्याली," असा त्याचा आवाज लांबून यायचा. घरी आल्यावर मी रागावले की हे म्हणायचे, "अगं, त्याचा हात पक्का हाय."

दिवाळी होऊन गेली होती. रविवार होता. धरण काठोकाठ भरलेलं. आम्ही दोघं पलीकडच्या रानात म्हशींसाठी मका कापत होतो. दुपारपर्यंत बराच ढीग झाला. यांनी होडीत पेंढ्या रचल्या, त्या यांच्या छातीपर्यंत आल्या. मला बसायला जागाच उरली नाही.

"तू थांब हितंच," हे म्हणाले. "एवढं टाकून येतो. मग तुला आन् राहिलेलं नेतो."

मी बांधावर बसले. पाय दुखत होते. धरणात बुडालेल्या जुन्या गावातल्या बाभळींचे शेंडे पाण्याबाहेर दिसतात, त्यांच्या आड होडी गेली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने मोटारबोटीचा आवाज ऐकला. तो आवाज रोजचाच. मी तिकडे पाहिलंही नाही.

नंतर माझ्या बाजूच्या पाण्यावर मक्याची ताटं तरंगत येऊ लागली. आधी एक-दोन, मग पुष्कळ. मला वाटलं, पेंढ्यांचा कासरा सुटला. मनात म्हटलं, घट्ट बांधायला काय होतं यांना. मग मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि विळ्याने एकेक ताट ओढून काठावर रचू लागले. म्हशींचा एका दिवसाचा चारा होता, वाया कसा घालवायचा? अर्धीअधिक पेंढी गोळा झाली असेल, तेव्हा पलीकडच्या काठावरून माणसांचा आरडाओरडा ऐकू आला.

यांच्या मित्रानेच यांना वर काढलं. प्रवासी उतरवून परत येताना त्याला होडी पालथी दिसली. कपड्यांसकट त्याने उडी मारली. तिथे कुणीतरी मासे धरायला जाळं लावलेलं होतं आणि यांचा पाय त्यात अडकला होता. एवढं चांगलं पोहणारा माणूस.

अंगणात सगळं गाव जमलं होतं. तो अजून तशाच ओल्या कपड्यांनी माझ्या सासऱ्यांपुढे उभा राहिला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"तात्या," तो म्हणाला, "म्या जवळनं गेलो व्हतो. नेहमीसारखा. बोटीतली माणसं जोरात घे, जोरात घे म्हणत व्हती. म्या मागं वळून बघितलं न्हाय."

माझा भाऊ भूमहून पोचलेला होता, तो पुढे सरसावला तेव्हा दोघातिघांनी त्याला धरलं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी त्या पोराकडे कितीतरी वेळ पाहिलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या हातात दिला.

"अंग पूस," ते म्हणाले. "ओला हायस."

पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. भाऊ म्हणत होता, तक्रार द्या. मामा म्हणाले, "कुणावर देऊ? त्यो माझ्या ताटात जेवलेला हाय." त्यानंतर त्या विषयावर ते कुणाशी बोलले नाहीत. यांच्या मित्राने दुसऱ्याच दिवशी ते नारिंगी जाकीट हॉटेलात परत नेऊन दिलं, असं ऐकलं. बोट थांबली नाही. बाहेरून दुसरा चालक आला.

भाऊ मला न्यायला आला होता. मी म्हटलं, महिनाभराने येते. त्या महिन्यात मी काय केलं ते मला आठवत नाही. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात की मी नुसती भिंतीला टेकून बसलेली असायची आणि कुणी मोटारसायकल चालू केली तरी दचकायची.

गावातल्या बायकांनी होडीतून जाणं सोडलं. वळसा घालून जायच्या, अंधार पडल्यावर घरी यायच्या. काहींनी पलीकडची शेती पडीक टाकली. मामा रोज मारुतीच्या पायरीवर बसून हे बघत असत. एक दिवस डोक्याला पटका बांधून ते सरळ हॉटेलवर गेले. मालकाने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. चांगल्या शब्दांत सांगितलं की बोटीला परवानगी आहे, आणि माणसं वेगासाठीच येतात, हळू बोटीत कोण बसणार.

मामांनी चहा संपवला. "बरं," म्हणाले, "मग आमी पाण्यात थांबतो."

अशी ती गस्त सुरू झाली. गस्त हा शब्द चाचांचा. चाचा म्हणजे परंड्याचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मामा आयुष्यभर त्यांच्या गाडीने बाजाराला गेलेले, तेव्हापासूनची दोस्ती. मच्छीमार सोसायटीने त्यांची एक जुनी फायबरची होडी दिली, तिला लहानसं इंजिन होतं. चाचा इंजिनावर बसत. मामांनी तेलाचे रिकामे डबे लाल रंगवले, नायलॉनच्या दोरीला दगड बांधून ते घाटापासून बाभळींपर्यंत ओळीने पाण्यात सोडले. त्या डब्यांच्या आत कुणी बोट पळवायची नाही, असा नियम. नियम करणारे आम्हीच, त्याला कागद नव्हता की शिक्का.

"पण वेग जास्त हे कसं ओळखायचं?" मी चाचांना विचारलं होतं.

"बेटी, बोटीच्या मागं बघायचं. पाणी पाण्यासारखं दिसलं तर ठीक. पांढरं झालं, की ज्यादा."

मी त्यात कशी गेले ते सांगते. मामांना लांबचं नीट दिसत नव्हतं. लाल झेंडा दाखवायला, कोण कुठून येतंय ते सांगायला डोळे हवे होते. एका रविवारी ते निघाले तेव्हा मी चप्पल घालून त्यांच्या मागे चालू लागले. त्यांनी वळून पाहिलं आणि चालत राहिले. गावात कुजबुज झाली. नवरा जाऊन किती दिवस झाले, आणि ही पाण्यात फिरते. एक लांबची नातेवाईक आत्यांना समजावायला आली. आत्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरात बसून ती भिंतीकडं बघती. त्यापरीस पाण्याकडं बघू द्या."

होडीत बसायच्या आधी चाचा प्रत्येकाच्या पाठीला रिकामा कॅन बांधायचे. मला पोहता येत नव्हतं म्हणून दोन. सुरुवातीला मासेमारीच्या ठेकेदाराची पोरं आम्हाला पाहून हसायची, भोंगा वाजवून दाखवायची. चाचा त्यांच्याजवळ होडी न्यायचे, तंबाखू विचारायचे, आई-बाप कसे आहेत ते विचारायचे आणि मग म्हणायचे, "ते लाल डबे दिसतात ना, त्यांच्या आत आस्ते." बहुतेक जण ऐकायचे. हॉटेलची बोट ऐकायची नाही. मी झेंडा वर धरून उभी राहायची, नवा चालक माझ्याकडे पाहायचाही नाही आणि मागे पांढरा पट्टा सोडून निघून जायचा. प्रवासी मोबाइलवर आमचे फोटो काढायचे.

यांचा मित्र रोज घाटावर यायचा. आमची होडी पाण्यात ढकलून द्यायचा आणि तिथेच उभा राहायचा. आम्ही परत आलो की दोरी धरायचा, खुंटाला बांधायचा. कुणाशी बोलायचा नाही. दाढी वाढलेली. एका सकाळी त्याने होडी ढकलली तेव्हा मामांनी वल्हं पाण्यात रोवलं.

"चढ," ते म्हणाले.

तो चढला नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मी उठले आणि होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मामा पुन्हा म्हणाले, "चढ म्हनलं ना." तो चढला.

त्यानंतर उरलेला हिवाळा मी त्याच्यासोबत एका होडीत काढला. तो पुढे बसायचा, मी मागे. त्याची पाठ मला पाठ झाली. शर्टाच्या उजव्या खांद्याला रफू केलेलं होतं, मानेवर लहानपणीचा भाजल्याचा डाग. मी त्याच्याशी बोलत नव्हते, पण त्याचं बोलणं कानावर पडायचं. चाचांनी एकदा त्याला विचारलं की पक्का हात असताना बोट एवढी पळवायची कशाला. तो म्हणाला, "चाचा, हात पक्का असतो म्हनूनच पळवतो मानूस. मागनं बायापोरं वराडत्यात, आनंदानं. तुमी लई मोठं काय करताय असं वाटतं. मागं कोन उलथलं, ते दिसतच न्हाय." मामा लाल डब्यांकडे बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

बायका हळूहळू होडीत बसू लागल्या. आम्ही त्यांच्या होडीसोबत जायचो, त्यांना पलीकडे पोचवून परत यायचो.

पौषातला रविवार असावा. सोनारीहून माणसांची बरीच गर्दी आली होती. हॉटेलची बोट एकामागून एक फेऱ्या मारत होती. बायकांची होडी निम्म्या पाण्यात होती, काठोकाठ भरलेली, त्यात एक बाळंतीण तिच्या तान्ह्या मुलीला घेऊन माहेरहून परत निघाली होती. आम्ही थोडे पुढे होतो. बाभळींच्या पलीकडून बोट वळली ती सरळ आमच्याकडे. मी झेंडा वर केला. तिचा वेग कमी होईना.

"आडवी घ्या, चाचा," यांचा मित्र म्हणाला.

चाचांनी होडी आडवी घातली. बायकांची होडी आमच्या मागे. तो उभा राहिला, माझ्या हातातला झेंडा घेतला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. ओरडला नाही, काही नाही. नुसता उभा राहिला. बोटीतल्या माणसांचे चेहरे दिसायला लागले, एका बाईने तोंडावर हात ठेवला तेही दिसलं. मग इंजिन बंद झालं. बोट पुढून खाली बसली आणि घसरत घसरत आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. तिच्यामागून लाट आली. आमची होडी वर गेली, खाली आली. बायकांची होडी डुचमळली, त्यांनी एकमेकींना धरलं. कुणी पडलं नाही. तान्ही मुलगी रडायला लागली, बस.

बोटीतले प्रवासीच चालकाला रागावू लागले. मघाशी तेच ओरडत असणार. यांचा मित्र त्याला एवढंच म्हणाला, "मागं बघत जा, भावा."

त्या संध्याकाळी बायका घाटावरून थेट हॉटेलवर गेल्या आणि बोटीत चढण्याच्या फळीवर जाऊन बसल्या. उठेचनात. मालक आला, बोलला, चिडला, मग नरमला. दुसऱ्या दिवसापासून बोट लाल डब्यांच्या आत हळू जाऊ लागली. पुढे ग्रामसभेत तसा ठरावही झाला, टाळ्या वाजल्या, मामांना नारळ दिला.

नारळ घेऊन आम्ही घरी आलो. आत्यांनी चहा टाकला. मामा ओसरीवर बसले होते. बाहेर पाण्यावरून हॉटेलची बोट जात होती, तिचा आवाज शेतातल्या मोटारीसारखा बारीक येत होता. मामांनी तो ऐकला.

"एवढंच करायचं व्हतं," ते म्हणाले. "एवढं सोपं व्हतं."

यांना मातीला नेलं तेव्हा ते रडले नव्हते. त्या दिवशी रडले. आत्या चहाचं भांडं उतरवायचं विसरल्या, चहा चुलीत उतू गेला. मी उठून भांडं खाली घेतलं आणि तिथेच चुलीपुढे बसून राहिले.

उन्हाळा लागताना यांचा मित्र पुण्याला निघाला. कुठल्याशा सोसायटीत वॉचमनचं काम मिळालं होतं. मामांच्या पाया पडला, आत्यांच्या पाया पडला. मी दारात उभी होते. तो माझ्यासमोरून मान खाली घालून निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं. हे गेल्यापासून त्याच्याशी बोलायची ती माझी पहिली वेळ.

"त्या दिवशी यांनी हात केला होता का?"

त्याला लगेच कळलं.

"केला व्हता, वहिनी. मका लई उंच रचलेला. त्याच्यावरनं निस्ता हात दिसला."

"आणि काही म्हणाले?"

"शिवी दिली," तो म्हणाला. "नेहमीचीच."

मी मान हलवली. मला आणखी विचारायचं होतं, पण ते काय ते मला सापडलं नाही. तो थोडा थांबला, मग एसटी गाठायला गेला. अधूनमधून त्याचा मामांना फोन येतो. माझ्यासाठी कधी निरोप नसतो, आणि मीही ठेवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झालाच नाही. धरण आटलं, तळाची भेगाळलेली जमीन उघडी पडली, लाल डबे जिथल्या तिथे चिखलात बसले. हॉटेल बंद झालं, बोट ट्रॉलीवर घालून नेली. आम्ही पलीकडच्या रानात चालत जाऊ लागलो. वाटेत ती जागा लागायची. बाभळींच्या अलीकडे एक खोलगट भाग, जुन्या गावाची वाट तिथून जात होती. मी तिथे कधी थांबले नाही. आत्या थांबायच्या, डोक्यावरचं ओझं सावरल्यासारखं करायच्या, मग चालू लागायच्या.

त्यानंतर धरण पुन्हा भरलं. आता गस्तीला बायका पाळीपाळीने जातात, चाचांनी दोघींना इंजिन चालवायला शिकवलंय. मला थोडंफार पोहता येतं. भाऊ अजून विचारतो, येतेस का. मी परंड्याला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते, संध्याकाळच्या गाडीने घरी येते.

मामा विसरू लागलेत. आधी माणसांची नावं गेली. मग जेवण झालं की नाही ते आठवेना. आणि गेल्या वर्षीपासून, यांचं काय झालं तेही ते विसरले. गस्त मात्र लक्षात आहे. दुपार कलली की झेंडा घेऊन घाटावर जाऊन बसतात. डब्यांच्या आत, घाटाजवळ कुणाच्या मागे पाणी पांढरं दिसलं तर उठून झेंडा हलवतात. ठेकेदाराची पोरं त्यांना मानतात, लगेच वेग कमी करतात.

पहिल्यांदा त्यांनी मला यांच्याविषयी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं आणि त्यांचा चेहरा जो झाला, तो मला पुन्हा बघायचा नव्हता. त्यामुळे आता सांगत नाही. गाडीतून उतरले की मी आधी घाटावर जाते, त्यांच्या शेजारी पायरीवर बसते. पलीकडून एकेक होडी येत असते. ते प्रत्येकीकडे डोळे बारीक करून बघतात.

"त्यो आला का गं?"

"येतील, मामा. चारा भरतायत."

"लई भरू नगं म्हन त्याला."

"सांगते," मी म्हणते.

सगळ्या होड्या लागल्या की मी त्यांच्या हातातला झेंडा गुंडाळते आणि त्यांना उठवते. चढावर त्यांना धाप लागते, म्हणून आम्ही मधेच थांबतो, आणि मग घरी जातो.